पाचांत न बसलेलं फूल

श्रावणातला दुसरा आयतार, म्हणजे रविवार. पत्रीवर झालेला खर्च : शून्य रुपये. हजर : वहिनी, माझी बायको शैला आणि मी.

खर्चाचा शून्य मुद्दाम लिहिला आहे, कारण तो आमच्या घरचा नियम आहे. श्रावणातल्या आयतारी आमच्याकडे सुवासिनी सूर्याची पूजा करतात. तिला रानातली पानंफुलं लागतात, त्यांना पत्री म्हणतात. ही पत्री विकत आणायची नाही, ही पहिली अट. आपण पेरलेल्या झाडाची नको, ही दुसरी. आणि दुसऱ्याच्या जमिनीतून खुडली असेल, तर पूजेला बसायच्या आधी त्या घरी एक पातोळी पोचली पाहिजे, ही तिसरी. हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ थापून, आत गूळखोबरं भरून, पान दुमडून वाफवली की झाली पातोळी. अलीकडे पेडण्याच्या बाजारात शनिवारी संध्याकाळी पत्रीच्या तयार जुड्या मिळतात. दोऱ्याने नीट बांधलेल्या, टवटवीत असतात. त्यांना नावं ठेवायचं मला काही कारण दिसत नाही. आमच्याकडे त्या चालत नाहीत, एवढंच.

काल शैलाने परसातली हळदीची पानं कापून आणली आणि ओसरीभर तो वास पसरला. हिरवा, किंचित उग्र, नाकाच्या शेंड्याला झोंबणारा. हा वास आला की मला रस्त्याकडेची चिऱ्यांची भिंत आठवते. लोकांना श्रावण म्हटल्यावर देऊळ आठवतं, उपास आठवतात. मला गटाराच्या कडेची, शेवाळाने काळी पडलेली भिंत आठवते, आणि तिच्या सांध्यातून बाहेर वाकून बघणारं एक फूल. नखापेक्षा थोडं मोठं. पुष्कळ धुऊन विटलेल्या जांभळ्या लुगड्याचा रंग. हे फूल नक्की कोण, याचा छडा मी ज्या श्रावणात लावला, तो श्रावण माझ्या डोक्यातून जात नाही.

त्याआधी वहिनीबद्दल सांगायला हवं. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा मी शाळेत होतो, म्हणून मी पंचावन्न ओलांडली तरी तिच्या तोंडी मी ‘बाबी’च. दादा वास्कोला बंदरात नोकरीला होता. शनिवारी दिवेलागणीला बसने यायचा, सोमवारी पहाटे जायचा. त्यामुळे आयताराची पूजा दादाच्या समोर व्हायची, आणि तो ओसरीवर खांबाला टेकून पातोळ्यांचं पहिलं भांडं उतरायची वाट बघत बसायचा.

पत्रीत आमच्याकडे पाच फुलं. तेरडा, रानहळद, शेरवडाचं पांढरं पान धरून त्याचं केशरी फूल, कळलावी (जिला इकडे वाघनखं म्हणतात), आणि पाचवं निळुलं. पहिली चार बांधावर, कुंपणात, कुठेही मिळतात. निळुलं मात्र फक्त वर सड्यावर. सडा म्हणजे गावामागचं कातळाचं पठार. पावसात त्याच्या खळग्यांतून पाणी साठतं, आणि त्या बोटभर पाण्यात निळुली उभी राहतात. दोऱ्यासारखा देठ, त्याला पान नाही, वर एक निळं-जांभळं फूल. शाळकरी वयात मी वहिनीबरोबर पत्रीला जायचो. कातळ पायाला गुळगुळीत लागायचा, आणि वहिनी पुढून ओरडायची, “निळुल्यांवर पाय दिलंस तर घराक न्हेवचंय नाय!”

दादा गेला त्यानंतरच्या श्रावणात वहिनी पूजेला बसली नाही. शैलाने दोन-तीनदा विनवलं.

“वयनी, तुमीच बसा. कोण काय म्हणता बघूया.”

“कोणाच्या म्हणण्यान् नाय गो,” वहिनी म्हणाली. “माकाच नको दिसता. बसप तुजां. पत्री माजी.”

तशी वाटणी झाली. शैला पूजा करायची आणि वहिनी पत्री आणायची. पण गुडघे आणि डावा डोळा हे दोन्ही तिला सोडून चालले होते. सड्याची चढण तिला जमेना, आणि तिच्यासाठी कोणी वर जाऊन निळुलं आणलेलंही तिला चालेना. ‘पत्री माजी’ म्हणजे तिच्याच हातची. त्या श्रावणात पहिल्या आयतारी पाटावर चारच फुलं होती.

आणि दुसऱ्या आयतारी ती सकाळी रस्त्यावरून जवळजवळ धावत आली. मी दाढी करत होतो.

“बाबी! बघ रे, निळुलां खाली इलां! भिंतीत उगावलां. आता माका वर जावंक नको.”

तिच्या तळहातावर लहानसं जांभळं फूल होतं. मी साबण लावलेल्या तोंडाने मान हलवली. तिचा चेहरा इतका उजळला होता की मी फुलाकडे बघितलंच नाही. त्या दिवसापासून वहिनीची खात्री झाली. तिला वर जाता येत नाही म्हणून निळुलंच उतरून तिच्या वाटेवर आलं. ती हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. शेजारणींना भिंत दाखवायची. पुढच्या श्रावणातही ते फूल भिंतीत होतं, जास्तच होतं, आणि वहिनी दादाच्या पश्चात पहिल्यांदा पूर्वीसारखी बोलू-हसू लागली होती.

तिसऱ्या श्रावणात पत्रीचं ताट ओसरीवरून आत न्यायचं काम माझ्याकडे आलं. आयुष्यभर एका सहकारी संस्थेत हिशेब तपासण्यात गेल्यामुळे ताट हातात आलं की मी त्यातलं मोजतो. फुलं पाच. बरोबर. पण पाचव्या फुलाला पान होतं. एका देठावर तीन पानांचा झुबका. निळुल्याला पान नसतं, हे मला त्याच वहिनीने शिकवलं होतं.

ताट मी आत नेऊन ठेवलं. पूजा झाली. पातोळ्या खाल्ल्या. दुपारी मात्र मी भिंतीजवळ जाऊन एक डहाळी तोडून आणली आणि पुसट पावत्या वाचायला घेतलेलं भिंग काढून ओसरीवर बसलो.

भिंगाखाली ते फूल पहिल्यांदा दिसलं, तेव्हा मी खरोखरच ‘अरे!’ म्हणालो. फुलाच्या पाकळ्या चहूबाजूंनी असतात अशी आपली समजूत. याच्या चारही पाकळ्या एकाच बाजूला, वर, शेजारी शेजारी उभ्या. खालची अर्धी बाजू सताड उघडी, आणि त्या उघड्या बाजूने केसर बाहेर झुकलेले. मधल्या दोन पाकळ्यांवर एकेक फिकट पिवळसर पट्टा, पट्ट्याच्या कडेला गडद जांभळी रेघ, कोणी बारीक कुंचल्याने आखल्यासारखी. बाहेरच्या दोन पाकळ्यांवर तो पट्टा नाही. इतक्या लहान जागेत इतका विचार! गटाराच्या कडेला, जिथे कोणी बघणार नाही, तिथे ही आखणी.

मोबाइलवर फोटो काढून नाव सांगणारी सोय आहे. ती वापरून बघितली. पहिल्या फोटोला तिने एका बागेतल्या झाडाचं नाव दिलं, दुसऱ्याला आपल्या पिवळ्या तिळवणीचं, आणि तिसऱ्याला फोटो स्पष्ट नाही म्हणाली. तीन उत्तरं आली की मी एकही धरत नाही. शैलाचं माहेर डिचोलीजवळ सर्वणला. तिचा चुलतभाऊ मंगेश वनस्पतिशास्त्र शिकवतो. त्याला फोन लावला.

“भावोजी, फोटो मागनं पाठवा,” तो म्हणाला. “आधी मोजून सांगा. मोजण्यात तुमचा हात कोण धरणार!”

“पाकळ्या चार. चारही वरच्या बाजूला.”

“केसर?”

“सहा. दोनदा मोजले.”

“दोनदाच? तब्येत बरी आहे ना? पानं?”

“एका देठाला तीन. शेंग काडीसारखी, बोटाएवढी लांब.”

“शेंग पिकली असेल तर फोडा आणि बी बघा.”

मी फोडली. कागदावर बारीक बिया सांडल्या. भिंगाखाली प्रत्येक बी गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली, काळपट, अंगावर आडव्या सुरकुत्या. आणि वळणाच्या खाचेत पांढरं काहीतरी चिकटलेलं, खोबऱ्याच्या किसासारखं.

“झालं मग,” मंगेश म्हणाला. “क्लिओमी रुटिडोस्पर्मा. नावाचा अर्थच सुरकुतलेल्या बियांचं. तिळवणीची बहीण, पण मूळची आफ्रिकेतली. पश्चिमेच्या बाजूची.”

“म्हणजे आपलं नाही?”

“काजू तरी कुठे आपला होता? पण हो, हे मागाहून आलेलं.”

“आलं कसं?”

“कुणी पाहिलंय? बंदरातून, रेल्वेच्या रुळांवरून, कुंड्यांच्या मातीतून. अंदाज सगळे आहेत, खात्री कशाचीच नाही. शेतात माजलं तर उपटा. भिंतीत असेल तर बघत बसा.”

मला त्याचं ‘खात्री नाही’ फार आवडलं. हिशेबात असो की फुलात, ज्याला हे शब्द उच्चारता येतात त्याच्या बाकीच्या आकड्यांवर मी विश्वास ठेवतो.

“आणि ते पांढरं?” मी विचारलं.

“तो मुंग्यांचा खाऊ. त्या बी घरी नेतात, पांढरं खातात, बी टाकून देतात. ती तिथेच रुजते. तुमच्या भिंतीत ते कोणी लावलं, कळलं?”

पुढचे काही दिवस मी सकाळी चहा घेऊन भिंतीशी उभा राहायचो. जाणाऱ्या दुचाकीस्वारांना वाटलं असेल, पेन्शनीत गेलेला माणूस बस चुकल्यासारखा इथे काय करतो. मी मुंग्या बघत होतो. चिऱ्याच्या सांध्यातून एक तांबडी मुंगी निघायची, खाली पडलेली बी पांढऱ्या टोकाला धरायची आणि उलट पावली ओढत न्यायची. मध्येच बी सुटायची, घरंगळायची, मुंगी परत खाली. कुणी सांगितलं नाही, मजुरी ठरली नाही, आणि भिंतीच्या वरच्या थरापर्यंत पेरणी पोचलेली. एवढ्या लांबून आलेलं झाड परमुलखातल्या मुंग्यांशी पहिल्याच दिवशी व्यवहार जुळवतं, तेही तोंडात चिमूटभर खाऊ देऊन. मी उभ्या जन्मात अनेक करार वाचले. इतका सोपा एकही नव्हता.

पण हे सगळं कौतुक करताना एक हिशेब जुळत नव्हता. वहिनीला काय सांगायचं? तिची पूजा गेली होती, सडा गेला होता, डोळा जात होता. निळुलं खाली आलं, एवढंच तिच्याकडे उरलं होतं. आणि ते निळुलं नव्हतं. न सांगावं, तर येत्या आयतारी पाचाच्या हिशेबात चुकीचं फूल बसणार आणि मी ताट उचलून आत नेणार. मला ते जमलं नसतं. सांगावं, तर तिचा उजळलेला चेहरा मीच मालवणार.

शैला म्हणाली, “तिणां विचारल्याबगर सांगू नकात. विचारलां तर खोटां सांगू नकात.” एवढा साधा निवाडा मला चार दिवसांत सुचला नव्हता.

वहिनीने विचारलंच. शुक्रवारी तिन्हीसांजेला ती ओसरीवर येऊन माझ्याजवळ बसली.

“चार-पाच दीस बघतंय. भिंतीकडे काय करतंस रे? तुका काय गावलां?”

मी भिंग खाली ठेवलं. “वयनी, ह्यां निळुलां न्हय.”

मी पुढचं सगळं सांगितलं. तीन पानं, चार पाकळ्या, आफ्रिका, मुंग्या. मला थांबता येईना. आत शैलाने भांडं अगदी हळू ठेवलं.

वहिनी म्हणाली, “तुजो दादा वास्कोसून येय. त्येच्या बुटाच्या मातयेतसून तर इलां नसतलां?”

हो म्हणायला माझी जीभ किती उतावीळ झाली होती! दादा बंदरात. बिया बंदरातून. गोष्ट नीट जुळत होती. पण पुरावा कुठे होता?

“असू शकतं,” मी म्हणालो. “पण सांगता येत नाही, वयनी. कोणालाच सांगता येत नाही.”

तिने माझ्याकडे नीट बघितलं, आणि हात पुढे केला. “ती काच दी.”

उजव्या डोळ्याला भिंग लावून ती कितीतरी वेळ ते फूल बघत राहिली. फिरवून बघितलं, उलटं करून बघितलं. मग एकदम हसली.

“चारी जाणी एका वाटेन उब्यो रवल्यात रे! पावण्याक दार मोकळां करून!”

शैला तेवढ्यात बाहेर आली. वातावरण हलकं करावं म्हणून ती म्हणाली, “म्हणजे माज्यासारख्यांच. भायरसून इलां नि हंयच रुजलां.”

“तुका तुज्या बापसान् वाजतगाजत पोचयल्यान,” वहिनी म्हणाली. “ह्यां आपसून इलां. दोगांची बरोबरी करू नको.” आणि भिंग डोळ्यावरून न काढता पुढे म्हणाली, “पण निळुल्याच्या नावार ह्यां चालाचां नाय. बाबी, परवा गाडी काढ. सड्यार जावया.”

रविवारी उजाडताच मी तिला स्कूटरवर बसवून वर नेलं. आता सड्याच्या अर्ध्या भागापर्यंत डांबर गेलं आहे. त्यामुळे कातळ कमी झाला, पण वहिनीला चढण नव्हती. उरलेल्या कातळावर मी तिचा हात धरून चाललो. पूर्वी ती माझा धरायची. पहिले दोन खळगे रिकामे निघाले. तिसऱ्यात, बोटभर पाण्यात, निळुली होती. फार नव्हती. वारा आला की सगळी एकदम थरथरायची. वहिनीने वाकून, गुडघ्यावर हात ठेवत, एकच फूल खुडलं. स्वतःच्या हाताने. मी बाजूला उभा राहून दुसरीकडे बघत होतो, कारण माझे डोळे त्या वेळी मोजण्याच्या कामाचे नव्हते.

घरी आल्यावर पाटावर पाच फुलं लागली. मग वहिनीने भिंतीतलं फूल घेतलं आणि पाचांच्या ओळीपासून थोडं बाजूला, एकटंच ठेवलं.

“पाच ते पाच. ह्यां सहावां. खराच इलां मरे आमच्या दारात. निळुलां नाय म्हणून परत पाठयतंव काय?” मग तिला काहीतरी आठवलं. शैला समई लावत होती. वहिनीने तिचा हात धरला. “थांब. विकत घेतलां नाय. आमी पेरलां नाय. पण ती भिंत कोणाची?”

भिंत रस्त्याची. रस्ता सरकारचा.

“म्हणजे दुसऱ्याची,” वहिनी म्हणाली. “मी आपलां घरच्या वाटेवरचां समाजतंय, नि पातोळी पोचवलीच नाय!”

“मग कचेरीत न्हेऊन दिया,” शैला मला म्हणाली. “पोच घेऊन या. तुमका पोच लागताच.”

“आज रविवार. कचेरी बंद,” मी गंभीरपणे म्हणालो, आणि वहिनी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. पण हसू ओसरल्यावर अट तशीच समोर उभी होती. पातोळी पोचल्याशिवाय पूजा नाही. सूर्य माडांच्या वर आला होता. शैला काडेपेटी हातात धरून बसली होती.

मी म्हणालो, “वयनी, जमीन सरकारची खरी. पण झाड सरकारने लावलेलं नाही.”

वहिनीने माझ्याकडे बघितलं. तिला सांगावं लागलं नाही. तिने भांड्यातली सगळ्यांत वरची पातोळी उचलली, पानासकट, आणि पदर सावरत रस्त्याकडे निघाली. आम्ही दोघं तिच्या मागे.

आज पुन्हा श्रावणातला दुसरा आयतार. सहाव्या फुलाला आमच्याकडे अजून एक ठरलेलं नाव नाही; वहिनी त्याला ‘पावणो’ म्हणते, मी ते मंगेशने सांगितलेल्या पूर्ण नावानेच लिहितो. सकाळी सडा झाला, निळुलं मिळालं, या वर्षी पहिल्याच खळग्यात. आणि आता, हे लिहायच्या थोडं आधी, आम्ही तिघं त्या भिंतीशी जाऊन आलो. वहिनीने हळदीचं पान उघडून भिंतीच्या पायाशी ठेवलं. वाफ निघाली, गुळाचा वास आला. ती तिथून हलली नाही. दिली म्हणजे पोचली असं ती मानत नाही. एक तांबडी मुंगी सांध्यातून बाहेर आली, पानाच्या कडेवर थांबली, आत उतरली, आणि खोबऱ्याचा एक कण घेऊन उलट पावली भिंतीत शिरली.

“पोचली,” वहिनी म्हणाली. “गो शैला, लाय आता समई.”

शेवटी दिलं ते : पातोळी एक, पानासकट. कोणाला : मुंग्यांना.